आवडत्या फँटसी लेखकाची सही घ्यायला पहिल्यांदा जाताय? मुंबईत हे सगळं कसं असतं ते वाचून जा

माझ्याकडे एक सातशे पानी पुस्तक आहे, त्याच्या टायटल पेजवर निळ्या शाईत माझं नाव लिहिलंय आणि ते बरोबर लिहिलंय. माझं नाव ज्ञानदा, त्यामुळे ज्यांच्या नावात ज्ञ आहे त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. हे पुस्तक जिनं लिहिलं तिला मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून वाचतेय, डोंबिवली ते सीएसएमटी, उभ्यानं, एका हातात वरची कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. आणि तिची सही मिळायला मला दोन फेऱ्या लागल्या, म्हणजे ती दोनदा मुंबईत आली आणि पहिल्या वेळी मी हात हलवत परत आले.

कारण मला काहीच माहीत नव्हतं. टोकन, म्हणजे सहीच्या रांगेतल्या नंबराचा कागद, असतं हे माहीत नव्हतं, पुस्तकाचं बिल बघतात हे माहीत नव्हतं. आमच्या घरात लेखकाला भेटायचं म्हणजे व्याख्यान संपलं की स्टेजच्या पायऱ्यांपाशी जायचं, वही पुढे करायची आणि "सर, एक संदेश द्या ना" म्हणायचं. दादर-पार्ल्याला मराठी पुस्तकाचं प्रकाशन असेल तर आजही बहुतेक वेळा तसंच जमतं, लेखक तिथंच चहाचा कप घेऊन उभे असतात आणि आनंदानं बोलतात. बुकस्टोअरमधलं साइनिंग, म्हणजे सह्यांचा कार्यक्रम, मात्र वेगळं असतं, त्यातून लेखक परदेशातून आलेला असेल आणि त्याचे वाचक चार-पाच तास आधीपासून बसलेले असतील तर फारच वेगळं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, जे पहिल्यांदा जाणार आहेत त्यांच्यासाठी.

१. कार्यक्रम आहे हे कळणार कुठून

पेपरात येईल म्हणून थांबू नका, पेपरात येतो तो दुसऱ्या दिवशीचा फोटो. तीन ठिकाणी लक्ष ठेवा, लेखकाचं स्वतःचं न्यूजलेटर, त्याची पुस्तकं भारतात जो प्रकाशक आणतो त्याचं इन्स्टाग्राम, आणि मुंबईतल्या पुस्तकांच्या दुकानांची पेजेस. फोर्टमधलं किताबखाना आणि बांद्र्याचं टायटल वेव्ह्ज ही दोन तरी फॉलो करून नोटिफिकेशन चालू करून ठेवा. परदेशी लेखक फक्त मुंबईसाठी क्वचितच येतो, बहुतेक वेळा तो जयपूरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या लिटरेचर फेस्टिव्हलला आलेला असतो आणि प्रकाशक त्याला आणखी दोन-तीन शहरांत फिरवतो. त्यामुळे जयपूरची यादी जाहीर झाली आणि त्यात तुमच्या लेखकाचं नाव दिसलं की त्या दिवसापासून रोज बघायला लागा, मुंबईची तारीख कधी कधी फक्त आठवडाभर आधी पडते.

मुंबईतही दोन फेस्टिव्हल आहेत जिथं लेखक हाताच्या अंतरावर भेटू शकतात. नोव्हेंबरच्या आसपास नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला लिटरेचर लाइव्ह, म्हणजे मुंबई लिटफेस्ट, असतो, आणि काळा घोडा फेस्टिव्हलमध्ये डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. ती बाग लहानशी आहे, झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि गप्पा संपल्यावर लेखक तिथंच टेबलाशी बसून सह्या देतो. मला विचाराल तर पहिल्या अनुभवासाठी ही बाग सगळ्यात चांगली. गर्दी असते पण मॉलसारखी धक्काबुक्की नसते.

२. कार्यक्रमाची पोस्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

हे मी अगदी कळकळीनं सांगतेय, कारण पहिल्या वेळी मी फक्त तारीख, वेळ आणि दुकानाचं नाव वाचलं होतं. साडेसहाचा कार्यक्रम, मी ऑफिसमधून हाफ डे टाकून सहाला पोचले, केवढी लवकर आले या खुशीत, आणि दारातल्या मुलानं सांगितलं की सह्यांची टोकन दुपारीच संपली. पोस्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. काचेबाहेर उभं राहून मला तिचे पांढरे झालेले केस आणि हलणारे हात तेवढे दिसले. तासभर उभी होते मी तिथं.

पोस्टमध्ये शोधायच्या गोष्टी सांगते. प्रवेश सगळ्यांना आहे की आधी नाव नोंदवायचंय. नोंदणी केली म्हणजे सही नक्की, असं असतंच असं नाही, बऱ्याचदा नोंदणी फक्त आत बसण्यासाठी असते आणि सहीचं टोकन वेगळं असतं, ते कुठे आणि किती वाजल्यापासून मिळणार ते बघा. नवीन पुस्तक त्याच दुकानातून घ्यायची अट आहे का. घरची जुनी पुस्तकं चालतील का, आणि चालत असतील तर माणशी किती. पुस्तकावर नाव घालून देणार आहेत की नुसती सही. आणि फोटो टेबलाजवळ काढू देतात की रांगेतूनच काढायचा.

यातलं काही पोस्टमध्ये नसेल तर सरळ दुकानात फोन लावा. डीएमला उत्तर येईल न येईल, पण काउंटरवर फोन उचलतात आणि नीट सांगतातही. फोनवर जे बोललात त्यांचं नाव विचारून ठेवा, दारात कोणी अडवलं तर "अमुक यांनी सांगितलं होतं" एवढं म्हणता आलं तरी खूप फरक पडतो.

३. पुस्तक घेताना, आणि पायरसीबद्दल

दुकानातून पुस्तक आधीच घेऊन ठेवा, शक्य असेल तर चार-पाच दिवस आधी. कार्यक्रमाच्या दिवशी पहिला भाग संपलेला असतो आणि फक्त चौथा भाग शिल्लक असतो असं अगदी होतं. बिल पुस्तकातच ठेवा आणि त्याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल उन्हानं आणि घामानं पुसट होतं आणि ऐन वेळी त्यावर काही दिसत नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. सिग्नलला, स्टेशनबाहेर, फुटपाथवर जी पुस्तकं निम्म्याहून कमी किमतीत मिळतात त्यातली बरीच पायरेटेड, म्हणजे चोरून छापलेली, असतात. सगळी नाही, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर सेकंड हँड अस्सल पुस्तकं मिळतात आणि मी स्वतः तिथून भरपूर घेतलीत, ती अस्सल जुनी कॉपी घेऊन खुशाल जा, लेखकाला वापरलेलं पुस्तक बघून आनंदच होतो. पण पायरेटेड कॉपी सहीला नेऊ नका. माझ्या पुढे रांगेत एक मुलगा होता, असेल एकोणीस-वीसचा, त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि लेखिकेनं ते उघडलं, आणि पहिल्या पानावरच्या नकाशावर बोट ठेवून ती क्षणभर गप्प बसली. नकाशा राखाडी झाला होता, गावांची नावं वाचता येत नव्हती. ती रागावली नाही, तिनं एका कोऱ्या कार्डावर त्याला सही करून दिली, पण त्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. त्याला ठाऊकच नव्हतं की आपल्या हातातलं पुस्तक चोरीचं आहे, त्यानं पैसे मोजूनच घेतलं होतं.

फँटसीच्या पुस्तकात नक्कल ओळखायला हा नकाशाच सगळ्यात उपयोगी पडतो. अस्सल पुस्तकात नद्या, डोंगर, बारीक अक्षरातली नावं स्वच्छ दिसतात, नकलेत झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे कव्हरवरून बोट फिरवा, अस्सल कव्हरवर बऱ्याचदा नाव उठावाचं किंवा चमकत्या फॉइलचं असतं, नकलेत ते सपाट छापलेलं असतं. कागद पातळ असेल आणि पाठच्या पानाची अक्षरं इकडे दिसत असतील, मजकूर पानावर तिरका बसला असेल, पहिल्यांदा उघडताच पानं सुटायला लागली असतील, तर ते पुस्तक घरीच ठेवा. मागचा बारकोड आणि आयएसबीएन बघून काही कळत नाही, तो तसाच्या तसा छापलेला असतो.

पैशांचा प्रश्न खरा आहे, जाड पुस्तकं महाग असतात, मला माहीत आहे. माझी या लेखिकेची पहिली दोन पुस्तकं स्ट्रँड बुक स्टॉलच्या सुंदराबाई हॉलमधल्या सेलमधून घेतलेली आहेत, बाबांनी पिशवी धरली होती आणि मी टेबलांखालचे खोके उचकत होते. २०१८ मध्ये स्ट्रँड बंद झालं तेव्हा मी खरंच रडले होते. आता तसा सेल नाही, पण दुकानांत सवलती असतात, आणि सहीसाठी पूर्ण मालिका विकत घ्यायची काहीही गरज नाही. एक पुस्तक पुरतं. जे सगळ्यात जास्त वाचलंय ते न्या.

४. बॅगेत काय काय हवं

कागदपत्रं अशी:
- नोंदणीचा मेल किंवा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट काढून, कारण गर्दीत नेटवर्क जातं
- नोंदणीत जे नाव दिलंय त्याच नावाचं ओळखपत्र
- पुस्तकाचं बिल
- टोकन मिळाल्यावर ते, आणि त्याच्या नंबरचा फोटो

सामान असं:
- पुस्तकासाठी जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी, पावसाळा नसला तरी, कारण बॅगेत पाण्याची बाटली असतेच
- स्टिकी नोट्सचा छोटा पॅड
- एक चांगलं पेन, त्याबद्दल खाली सांगते
- टीपकागदाचे दोन तुकडे, स्टेशनरीवाल्याकडे मिळतात, नाहीतर साधा टिश्यू
- ओले वाइप्स आणि एक कोरडा रुमाल
- पाणी, आणि तेल न सुटणारं काहीतरी खायला

वाइप्स का ते सांगते. रांगेत भूक लागते, बाहेर वडापावची गाडी असते, आणि मग त्या बोटांनी आपण टायटल पेज उघडतो. माझ्या मैत्रिणीच्या पुस्तकावर सहीच्या बरोबर खाली हिरव्या चटणीचा अंगठा आहे.

पेनचं असं की लेखक बहुतेक वेळा स्वतःचं पेन वापरतो आणि तेच बरं असतं. पण पुस्तकाचं सहीचं पान काळं किंवा गडद रंगाचं असेल तर तुमच्याकडे चंदेरी मार्कर हवा, नाहीतर सही दिसणारच नाही. गुळगुळीत चकचकीत पानावर जेल पेन पसरतं, तिथं बारीक टोकाचं परमनंट मार्कर चालतं, पण तेच मार्कर साध्या कागदावर पाठीमागून फुटतं. घरी शेवटच्या कोऱ्या पानावर, कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढून बघा आणि पाच मिनिटांनी बोट फिरवा.

तलवारी, ढाली, काठ्या घेऊन कॉसप्ले, म्हणजे गोष्टीतल्या पात्राचा वेष, करून येणाऱ्यांसाठी. आधी दुकानाला विचारा. पुठ्ठ्याची असली तरी दारात अडवू शकतात, आणि स्टेशनवर तुम्हाला थांबवून विचारतील ते वेगळंच. झगा, मुकुट, केस रंगवणं, यातलं काहीही करून या, लेखकांना ते बघून खूप आनंद होतो. माझ्या रांगेत एका काकूंनी नऊवारीवर त्या गोष्टीतल्या राणीचा लाकडी बिल्ला लावला होता, नवऱ्याकडून कोरून घेतलेला, आणि लेखिका खुर्चीतून उठून तो बघायला आली.

५. तिथं पोचायचं कसं

किताबखाना हुतात्मा चौकापाशी आहे. चर्चगेट किंवा सीएसएमटी, कुठूनही चालत दहा-बारा मिनिटं. मेट्रो ३ सुरू झाल्यापासून हुतात्मा चौक असं स्टेशनच आहे, तिथून बाहेर पडलं की जवळजवळ आलंच. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत हे बाहेरगावहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅक्सी किंवा पाय. टायटल वेव्ह्जला बांद्रा वेस्टला उतरून रिक्षा.

रविवारचा कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना हे सांगायला नको, पण उत्साहाच्या भरात आम्हीच विसरतो. आणि रविवारी फोर्टमध्ये बरीचशी छोटी हॉटेलं बंद असतात, तर खाऊन निघा. बाथरूमला स्टेशनवरच जाऊन घ्या, एकदा रांगेत लागलात की जागा सोडवत नाही.

वेळेचं म्हणाल तर टोकन ज्या वेळेपासून मिळणार त्याच्या तासभर आधी पोचा. लेखक खूप मोठा असेल तर दोन तास. आणि घरी सांगून ठेवा की यायला अकरा होतील, सह्यांची रांग कधीच वेळेत संपत नाही.

६. टोकन, रांग आणि गप्पांचा कार्यक्रम

टोकन हातात पडलं की अर्धं काम झालं. नंबर मागचा असेल तर उगाच टेबलाजवळ घोळका करू नका, आरामात बसा आणि गप्पा ऐका, हा भाग लोक वाया घालवतात. दुसऱ्या वेळी, मला टोकन मिळालं तेव्हा, माझ्या लेखिकेनं सांगितलं की ती आधी नकाशा काढते आणि मग गोष्ट, कारण नदी कुठून वाहते ते ठरलं की शहर कुठे वसेल ते ठरतं आणि शहर ठरलं की भांडणं आपोआप ठरतात. हे मी वहीत उतरून घेतलं, आणि त्या दिवसापासून तिची पुस्तकं वाचताना आधी नदी शोधते.

प्रश्नोत्तरांत हात वर करणार असाल तर दोन विनंत्या. शेवट फोडू नका, खोलीत पहिलाच भाग वाचत असलेली मुलं बसलेली असतात. आणि "पुढचा भाग कधी येणार" हा प्रश्न विचारू नका. मालिका अर्धवट आहे याचं तुम्हाला वाईट वाटतंय तसंच, किंवा जास्तच, लेखकाला वाटत असतं, आणि हा प्रश्न त्याला प्रत्येक शहरात दहा वेळा विचारलेला असतो. त्याऐवजी एखाद्या पात्राच्या नावाचा उच्चार विचारा. आपण मराठी लोक ती नावं आपापल्या परीनं वाचत असतो, आणि लेखकाच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकणं ही फार मोठी गंमत असते.

७. चिठ्ठीवर नाव

रांगेत एक वॉलंटियर येतो आणि सांगतो की टायटल पेज उघडून ठेवा आणि नाव चिठ्ठीवर लिहून तिथं चिकटवा. टायटल पेज म्हणजे कव्हर उघडल्यावरचं पहिलं पान नाही, ज्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि खाली प्रकाशकाचं नाव असतं ते. कव्हरचा आतला फ्लॅप असेल तर तो त्या पानापाशी खुणेसारखा खोचून ठेवा.

नाव सुट्ट्या, मोठ्या अक्षरांत लिहा. जोडाक्षरांची नावं असलेल्यांनी इथं खास लक्ष द्या. ज्ञानदा, क्षितिज, वैष्णवी, आपल्याला यात काही अवघड वाटत नाही, पण परदेशी माणूस डी-एन-वाय बघून थबकतो. मी चिठ्ठीवर इंग्रजीत नाव लिहिलं, त्याखाली देवनागरीत लिहिलं, आणि बाजूला उच्चार जवळात जवळ जाईल असा तोडून लिहिला. पुस्तक दुसऱ्या कोणासाठी असेल तर त्याचंच नाव लिहा आणि टेबलाशी तसं सांगा.

हेही ठरवून जा की नाव हवंय की नुसती सही. नंतर विकायचा विचार असेल तर नुसती सही घेतात लोक. मी नाव घेते.

८. टेबलासमोरचा तो अर्धा मिनिट

तुम्हाला एकूण अर्धा मिनिट मिळणार आहे. फार तर पाऊण. हे आधी मान्य करा म्हणजे वाईट वाटणार नाही. दीडशे माणसं असतील आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला तरी सव्वा तास होतो, आणि लेखकाचा हात दुखत असतो.

त्या अर्ध्या मिनिटात बहुतेक जण एकच वाक्य म्हणतात, मी तुमची खूप मोठी फॅन आहे. खरंच असतं ते, पण लेखकाला त्यावर थँक यू म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही आणि तेवढ्यात तुमची वेळ संपते. म्हणून घरून एक वाक्य तयार करून जा, आणि ते पुस्तकातल्या एका ठरावीक जागेबद्दल असू द्या. संपूर्ण मालिका नाही, एक प्रसंग. तो वाचताना तुम्ही कुठे होता, काय झालं, एवढंच.

माझी जागा म्हणजे तिसऱ्या भागात एक म्हातारी नावाडीण आपली होडी जाळते तो प्रसंग. तो मी मुंब्र्याच्या खाडीकाठानं गाडी जात असताना वाचला होता, माझी आजी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात, आणि मला उतरायचं होतं ते ठाणं निघून गेलं, मी घाटकोपरला भानावर आले. हे सगळं इंग्रजीत बोलायचं म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. ऑफिसात इंग्रजी बोलते मी, पण मनातलं बोलायची सवय नाही. शेवटी आदल्या रात्री मी ते मराठीत लिहिलं, मग अगदी साध्या इंग्रजीत तीन छोटी वाक्यं केली, आणि आरशासमोर नाही, भांडी घासताना म्हणून बघितली, म्हणजे हात कामात असताना तोंडातून येतात का ते. आली.

टेबलाशी पोचल्यावर आधी ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, हे कसं म्हणायचं. मी म्हटलं, ज्ञानदा. तिनं म्हणून बघितलं, जमलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिनं देवनागरीतल्या ज्ञ वरून पेनाचं टोक हवेतच फिरवलं, वळण कसं जातं ते बघत, आणि मला विचारलं याचा अर्थ काय. मी सांगितलं, ज्ञान देणारी. मग मी माझी तीन वाक्यं म्हटली. तिनं पेन खाली ठेवलं. "तुमची आजी नदीकाठची होती का?" हो, म्हटलं, सावित्रीकाठची, महाडजवळची. वॉलंटियर मागून पुढे चला म्हणत होता आणि तिनं त्याला हातानं थांब म्हटलं, आणि मग अक्षर अक्षर बघून माझं नाव लिहिलं.

तुमच्या वेळी असंच होईल असं मी म्हणत नाही, लेखक दमलेला असू शकतो, लाजाळू असू शकतो, नुसतं हसून पुस्तक परत देऊ शकतो. पण तुमचं वाक्य तुम्ही म्हटलेलं असेल. ज्यांना बोलायला अजिबातच जमणार नाही त्यांनी पत्र लिहून न्या, एक पान, पाकिटात, त्यावर नाव, आणि पुस्तकाबरोबर हातात द्या. रात्री हॉटेलच्या खोलीत लेखक ती पत्रं निवांत वाचू शकतात. मराठीतलं पत्र असेल तर खाली चार ओळी इंग्रजीत लिहा.

काय टाळायचं तेही सांगते. स्वतःच्या कादंबरीचं हस्तलिखित देऊ नका, गोष्टीची कल्पनाही सांगू नका. उद्या त्याच्या पुस्तकात तसंच काही आलं तर वाद होतो, म्हणून लेखक ते घेतच नाहीत, अपमान वाटून घेऊ नका. घरचे लाडू, चकल्या देऊ नका, प्रेमानं केलेलं असलं तरी अनोळखी माणसानं दिलेलं खाणं ते सहसा खात नाहीत. हातानं काढलेलं चित्र, बुकमार्क, बारीकशी वस्तू चालते. मिठी मारायला जाऊ नका, हात पुढे आला तर हात मिळवा, नाहीतर नमस्कार.

९. फोटो

मोबाईलचं लॉक काढून, कॅमेरा चालू करून, फ्लॅश बंद करून वॉलंटियरच्या हातात द्या. टेबलाशी पोचायच्या आधी दोन माणसं असतानाच द्या. सेल्फी काढत बसलात तर अर्धा मिनिट त्यातच जातो. आणि सगळ्यात चांगला फोटो कॅमेऱ्याकडे बघून येत नाही, लेखक पान उघडून लिहितोय आणि तुम्ही बघताय तो येतो, तेव्हा वॉलंटियरला सांगा की दोन-तीन सलग काढा. ज्यांच्या मागे मी होते त्या काकूंचे फोटो मी काढून दिले आणि माझे त्यांच्या मुलीनं काढले. रांगेत ओळखी करून घ्या, त्यातूनच पुढच्या कार्यक्रमाची बातमी सगळ्यात आधी कळते.

१०. सही झाल्यावर

पुस्तक लगेच मिटू नका. ही चूक सगळ्यांकडून होते, आनंदात पुस्तक छातीशी धरतो आपण आणि ओल्या शाईचा उलटा ठसा समोरच्या पानावर उमटतो. बाजूला उभे राहा, दोन-तीन मिनिटं पान उघडं धरा, दमट हवेत जास्त वेळ. फुंकर मारू नका, थुंकी उडते. मग टीपकागद हलक्या हातानं ठेवा, दाबू नका, आणि त्यावर पुस्तक मिटून पिशवीत घाला.

टोकन फेकू नका, बिलाबरोबर एका छोट्या पाकिटात घालून शेवटच्या पानाजवळ ठेवा. स्टिकी नोट पुस्तकात ठेवू नका, त्याचा गोंद काही महिन्यांनी कागदाला पिवळा डाग पाडतो, ती मी वहीत चिकटवलीय. घरी पुस्तक उभं ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकून असलेल्या कपाटात नको, आपल्याकडे पावसाळ्यात त्या भिंती ओल धरतात. जूनपासून सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा पुस्तक काढून पानं वाऱ्यावर मोकळी करा.

सही मिळाली नाही तर काय? टोकन संपलं असेल तरी निघून जाऊ नका, काउंटरवर विचारा की लेखक दुकानासाठी सही केलेल्या काही प्रती ठेवून जाणार आहे का, बऱ्याचदा जातो, आणि नाव-फोन लिहून ठेवलंत तर फोन करतात. काही लेखक बुकप्लेट देतात, म्हणजे सही केलेलं चिकटवायचं लेबल. पहिल्या वेळी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी तशीच स्टेशनकडे चालत गेले.

आणि घरी आल्यावर, झोपायच्या आधी, सहीच्या पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख, दुकान, टोकन नंबर आणि लेखकानं तुमच्याशी जे काही बोललं ते जसंच्या तसं लिहून ठेवा. सकाळपर्यंत शब्द बदलतात. माझ्या पुस्तकात तिथं लिहिलंय, टोकन ८७, "तुमची आजी नदीकाठची होती का?"